थोडे पाय, थोडी बॅटरी

ही सायकल खरं तर मी माझ्यासाठी घेतली होती. टिळकवाडीतलं आमचं घर ते उद्यमबागेतलं माझं ऑफिस, अंतर जेमतेम चार किलोमीटर. एवढ्याशा वाटेला रोज स्कूटर काढायचा कंटाळा आला होता आणि पेट्रोलचा खर्चही नको झाला होता. गेल्या दिवाळीला बोनस आणि थोडी शिल्लक मिळून पस्तीस हजारांची इलेक्ट्रिक सायकल आणली. आता वर्ष होत आलं. आज गल्लीत कुणालाही विचारा ती सायकल कुणाची, तर ‘सरांची’ असंच सांगतील. सर म्हणजे माझे बाबा.

बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. नोकरीची सगळी वर्षं काळ्या सायकलवरून शाळेत गेले. स्कूटर शिकायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, गुडघेही कुरकुरायला लागले, आणि आईने ती काळी सायकल सरळ जिन्याखाली नेऊन ठेवली. त्यानंतर बाबा घरात बसले असं नाही, पण कुठंही जायचं म्हणजे कुणाला तरी विचारावं लागायचं. ‘ऑफिसला जाताना मला जरा वाचनालयापाशी सोडतेस?’ ‘शहापूरला जायचं होतं, पण राहू दे, घाई नाही.’ त्यांचं ते ‘राहू दे’ ऐकायला मला आवडायचं नाही. (रिक्षाला पैसे द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं, हेही खरंच.)

पहिला आठवडा त्यांनी सायकलीकडे नुसतं लांबून बघितलं. ‘धड सायकल नाही, धड लुना नाही,’ असा शेरा मारला. शेरा काही चुकीचा नव्हता, कारण मलाही ती समजायला वेळ लागत होता. हँडलवर एक छोटा डिस्प्ले, त्यावर १ ते ५ आकडे. मला वाटलं हे गिअर. पण तसं नाही. तुमच्या पायांना मोटरने किती साथ द्यायची, त्याच्या या पातळ्या. पायडलच्या दांड्यापाशी लोहचुंबक बसवलेली एक चकती असते. ती फिरायला लागली की कंट्रोलरला कळतं, माणूस पायडल मारतोय, आणि मागच्या चाकातली मोटर सुरू होते. तुम्ही जोर लावताय की नुसते पाय फिरवताय, याचं तिला देणंघेणं नाही. महागड्या सायकलींत पायाचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्या जास्त समजूतदार. आमची तेवढी नाही.

हे मला कळलं ते रेल्वे गेटपाशी. आगगाडी गेली, गेट उघडलं, पुढची रिक्षा जरा हलली म्हणून मी सवयीने पायडल थोडं पुढं ढकललं. डिस्प्लेवर आकडा होता ४. सायकल अशी काही उसळली की रिक्षाच्या मागच्या बाजूला चाक टेकलंच. रिक्षावाले मामा खाली उतरले, सायकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘नवीन हाय काय?’ एवढंच विचारलं आणि गेले. त्या दिवसापासून गर्दीत थांबायचं तर आकडा १ वर आणते आणि ब्रेकची मूठ हलकी दाबून ठेवते. ब्रेकच्या मुठीत एक छोटा स्विच असतो. मूठ दाबली की मोटर बंद. नवीन सायकल घेणाऱ्याला सगळ्यात आधी हे सांगायला हवं. दुकानात मला बॅटरीची वॉरंटी सांगितली, मोबाइल स्टँड फुकट दिला, हे नाही सांगितलं.

बाबांनी ती चालवायची म्हटल्यावर आईने अट घातली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून परवानगी दिली आणि एक साधी खूण सांगितली. चालवताना बोलता आलं पाहिजे. बोलायला दम पुरेना झाला की थांबायचं किंवा मोटरची मदत वाढवायची. बाबांनी हे अगदी शब्दशः घेतलं. चढावर ते पाढे म्हणतात. एकोणतीसचा पाढा दम न लागता पूर्ण झाला तर पातळी २, अडखळला तर ३. कॅम्पातल्या रस्त्यांवर सकाळी फिरायला येणाऱ्यांना आता याची सवय झाली आहे.

पहिल्या रविवारी कॅम्पातच घेऊन गेले होते त्यांना. रुंद रस्ते, झाडं, पहाटे वाहनं कमी. आधी मोटर बंद ठेवून चालवायला लावली, म्हणजे वजनाचा अंदाज येतो. तेवीस किलो आहे ती. मग पातळी १, मग २. एक मोठा वळसा घालून परत आले आणि म्हणाले, ‘मागून कुणीतरी कॅरिअर धरून ढकलतंय असं वाटतं गं.’ मी शिकत होते तेव्हा ते असेच कॅरिअर धरून पळायचे. मी तसं काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. ‘अजून एक चक्कर मारतो,’ म्हणाले आणि गेले.

मग त्यांची वही सुरू झाली. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर, म्हणजे ३६० वॅट-अवर, म्हणजे विजेचं पाव युनिटापेक्षा जास्त, अर्ध्यापेक्षा कमी. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरूनही पूर्ण चार्जिंगला तीन-चार रुपयांच्या वर खर्च नाही. बॉक्सवर लिहिलंय ५० किलोमीटर. वहीतला अनुभव असा: पातळी २ वर सपाट रस्त्याला ३८ ते ४०. पायडल न मारता नुसती उजवी मूठ पिळून गेलं तर २२. चाकात हवा कमी असेल तर दोन्हींत घट. साधा माणूस आरामात पायडल मारतो तेव्हा पाय ७५ ते १०० वॅट जोर देतात, मोटर २५० वॅटची. ‘म्हणजे मी एकटा नाही, आम्ही साडेतीन-चार जण चालवतोय,’ हा बाबांचा निष्कर्ष. आईला मात्र या हिशोबात काही रस नाही. गृहज्योती योजनेत आमचं बिल शून्य येतं, त्यामुळे तीन रुपये काय नि चार काय.

हा २५० वॅटचा आकडा कायद्यातूनही येतो. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर केंद्राच्या नियमांप्रमाणे ती मोटर वाहनात धरली जात नाही. म्हणून लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर मात्र हवाच. वेगाची मर्यादा काढून देतो म्हणणारे भेटतात. माझ्या चुलतभावाने विचारलंही होतं. मर्यादा काढली की ती कायद्याने मोटर वाहन झाली, आणि कागद तर एकही नाही. धडक बसली तर भरपाईला कोण उभं राहणार? शिवाय तिचे ब्रेक आणि फ्रेम त्या वेगासाठी बनवलेले नसतात. हेल्मेट कायद्याने लागत नसलं तरी आमच्या घरी लागतं.

पंक्चरची गोष्ट वेगळीच. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांनी मागचं चाक बघून हात वर केले. ‘मोटर हाय की आत, वायर पण हाय. मी नाही खोलणार बघा.’ त्यांचं बरोबर होतं, पण चाक खोलायची गरजच नव्हती. टायर एका बाजूने रिमवरून उतरवायचा, ट्यूब बाहेर ओढायची, सोल्युशन लावून पॅच बसवायचा, परत आत सारायची. बाबांनी हे तिथं उभं राहून, जवळजवळ फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं समजावलं. आता मामा स्वतःच दुसऱ्यांना समजावतात.

बेळगावच्या पावसाबद्दल मी काय सांगावं! जुलैत एका सकाळी सायकल चालूच होईना. डिस्प्ले उजळतोय, बॅटरी भरलेली, मोटर ढिम्म. दुकानदार म्हणाला घेऊन या, बघू, ठेवून जावी लागेल. बाबांनी तासभर निरीक्षण केलं आणि ब्रेकची डावी मूठ बोटाने बाहेर ओढली. चिखल जाऊन ती पूर्ण सुटत नव्हती, म्हणून मोटरला वाटत होतं ब्रेक दाबलेलाच आहे. कोरड्या फडक्याने पुसली, संपलं. तेव्हापासून पाईपने धुणं बंद, ओल्या फडक्याने पुसायची. भिजून आली की बॅटरी काढून घरात ठेवायची, कोरडी आणि गार झाल्यावरच चार्जिंगला लावायची, तेही सगळे जागे असताना आणि तिच्याच चार्जरने. आम्ही लग्नाला आठ दिवस इंदूरला गेलो तेव्हा बॅटरी अर्धी ठेवून गेलो. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी पडून राहणं मानवत नाही. ती बदलायची वेळ येईल तेव्हा मोठा खर्च आहे, हे माहीत आहे. बाबांनी वहीत त्यासाठी वेगळं पान केलंय.

आता येळ्ळूरचं सांगते. गेल्या महिन्यात एका रविवारी बाबा ‘वाचनालयात जातो’ म्हणून निघाले. रविवारी वाचनालय बंद असतं, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. सव्वाआठला फोन. ‘राजहंसगडाच्या चढावर आहे. बॅटरी संपली बघ. घाबरू नको.’ मी घाबरले. आई दारात उभी राहिली, एक शब्द बोलली नाही, ते जास्त वाईट. स्कूटरवरून वडगाव, येळ्ळूर करत पोचले, तर हे रस्त्याकडेच्या दगडावर बसून शेंगा खातायत. तोंडावर दम नव्हता, घाम होता. आधी तेच बघितलं. मग डिस्प्ले बघितला, तर त्यावर पाचपैकी तीन काड्या!

झालं होतं असं. चढावर त्यांनी पातळी ५ लावली आणि हळूहळू चढत राहिले. मोटर चाकातच असते, तिला गिअर नाही. वेग कमी झाला की ती जास्त करंट ओढते. तेवढ्या ओढीखाली बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, आणि काड्या व्होल्टेजच दाखवतात. तीनाची एक झाली, कंट्रोलरने मोटर बंद केली. दहा मिनिटं विसावा मिळाल्यावर व्होल्टेज परत वर आला. म्हणून काड्या बघायच्या त्या सपाटीवर, जरा थांबून. आणि चढावर वेग पडायच्या आत स्वतः पाय लावायचे.

हे सगळं मी रागात समजावत होते. ‘सांगून जायचं नाही का, बाबा?’

‘सांगितलं असतं तर सोडलं असतंस?’

मला उत्तर सुचलं नाही. कॉलेजात असताना ते मित्रांबरोबर या गडावर सायकलने यायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ‘उरलंय किती?’ मी विचारलं. ‘एक एकोणतीस आणि एक सतरा,’ म्हणाले. मग पातळी ३ लावून ते पुढं, मी स्कूटरवर मागं, माणसाच्या चालीने. सतराचा पाढा वर पोचायच्या थोडं आधी संपला, तर त्यांनी अठराचा सुरू केला.

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अटी जाहीर झाल्या. खरं ठिकाण सांगून जायचं, फोन चार्ज हवा, खिशात गोळ्या हव्यात आणि सायकल साडेनऊला घरी हवी, कारण ऑफिसला जायला ती मला लागते. कागदोपत्री ती अजून माझीच आहे.

आज ती नऊ-पन्नासला आली. मी स्कूटर काढली.