खोलीत मावेल अशी ट्राम

करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की खालून धावते ती लोकल. त्यामुळे इथल्या माणसाला छोटी रेल्वे मांडायची हौस आली, की तो आधी लोकलच मनात धरतो. पण मॉडेलवाल्यांमध्ये रुळलेल्या १:८७ या ‘एचओ’ मापात बारा डब्यांची लोकल जवळपास ३ मीटर भरते. दहा बाय बाराच्या खोलीची एक भिंत ती नुसती उभी राहूनच अडवते, वळणार कुठून? पुण्यात भाऊसाहेब जोशींनी कोथरूडला छोट्या रेल्वेंचं देखणं संग्रहालय उभारलं, त्याला स्वतंत्र दालन लागलं. चाळीतल्या खोलीसाठी ट्रामच खरी.

मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी, विजेची ७ मे १९०७ रोजी. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी झाली. दादर टी. टी. मधला एक ‘टी’ ट्रामचाच. लालबाग-परळच्या हमरस्त्यावरून ती रोज गिरणगावातून जायची.

मापांचा एक सुखद योग इथे जुळतो. आपल्या रेल्वेच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. एचओमध्ये ते १९.३ व्हायला हवं, पण बाजारात तयार रूळ मिळतात १६.५ चे. म्हणजे लोकल मांडली तरी तिच्या पायाखाली खोट राहते. मुंबईची ट्राम मात्र १४३५ मिलिमीटरवर चालायची. भागिले ८७ करा, बरोबर १६.५! शिवाय लोकलला ज्या वळणासाठी निदान ४५ सेंटिमीटरची त्रिज्या हवी, तिथे ट्राम १५-२० मध्ये वळते. चार फूट बाय एक फुटाच्या फळीवर लालबागचा शंभरेक मीटर रस्ता बसतो. तीन मजली चाळीची उंची भरते वीतभरसुद्धा नाही.

या कामात खरा कस लागतो तारेचा. वरची तार नुसती शोभेची ठेवून रुळांतून वीज देणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. दोन रुळांत अधिक-उणे वाटून दिलं, की शेवटच्या थांब्यावर वळसा मारणारा रूळ स्वतःलाच येऊन भिडतो आणि शॉर्टसर्किट होतं. तारेतून १२ व्होल्ट खेळवले आणि दोन्ही रूळ मिळून परतीची वाट केली, तर ही अडचण उरतच नाही. खऱ्या ट्रामचीही हीच रीत होती. लोहार चाळीतली बारीक तांब्याची तार, पितळी नळीचे खांब, लॅमिंग्टन रोडचा ट्रान्सफॉर्मर, एवढ्यावर काम भागतं. तार मात्र ताठ हवी आणि वळणावर छोट्या छोट्या सरळ तुकड्यांनी ओढून घ्यायची, नाहीतर ट्रामच्या टपावरून तारेला टेकणारा दांडा सटकतो. गणपतीत चलच्चित्रांचे देखावे करणाऱ्या गिरणगावाला असं हातकाम नवं नाही.

अमेरिकेत शहराबाहेर धावणाऱ्या विजेच्या गाड्यांचीही अशी मॉडेलं होतात. लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक इलेक्ट्रिकची शेवटची गाडी १९६१ मध्ये थांबली, पण तिचे तपशील हौशींनी जिवापाड जपले. आपल्याकडे आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय आहे, तिथे आधी जावं. मग चाळीतल्या आजी-आजोबांकडे. १९६४ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. थांबा नेमका कुठे होता, पायाने वाजवायची घंटा कशी ऐकू यायची, डब्यावर जाहिरात कशाची होती, हे त्यांना आत्ताच विचारायला हवं.