उजाड माळाची दुरुस्ती आणि गीत-कवितेचे साहाय्य



परिसर अभ्यास आणि कलाशिक्षण यांचे तास वेळापत्रकात वेगळे असतात, आणि पुष्कळदा आपल्या मनातही ते वेगळेच राहतात. गीत व चित्र ही करमणूक, आणि निसर्गाचे रक्षण हे वनखात्याचे काम, अशी आपली समजूत असते. ती पारखून पाहण्यास इंग्लंडमधील पेनाइन डोंगरांचे उदाहरण उपयोगी पडेल.

त्या डोंगरमाथ्यांवर 'मूर' नावाचे विस्तीर्ण, ओलसर माळ आहेत. तेथे वृक्ष जवळजवळ नाहीत. हेदरची झुडपे, गवत आणि स्फॅग्नम नावाचे शेवाळ हीच तेथील वनस्पती. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या २० पटींपर्यंत पाणी धरून ठेवू शकते. मेलेले शेवाळ पाण्यात पुरते कुजत नाही. त्याचे थर साचून पीट नावाची काळी माती बनते. हा थर वर्षाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर थरास हजार वर्षे लागतात. पावसाचे पाणी थोपविणे आणि कर्ब जमिनीत साठविणे ही दोन्ही कामे असा माळ करतो.

मँचेस्टर व शेफील्ड भागातील कारखान्यांच्या धुराने हे शेवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. अतिचराई आणि वणवे यांनी उरलेले आच्छादनही नाहीसे झाले. उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहू लागली व माळावर खोल घळी पडल्या.

२००३ पासून 'मूर्स फॉर द फ्यूचर' या संयुक्त उपक्रमाने येथे दुरुस्ती हाती घेतली. उघड्या मातीवर हेदरच्या कापलेल्या फांद्या पसरावयाच्या, चुना व गवताचे बी टाकावयाचे, घळींत दगडांचे बांध घालावयाचे आणि ओल टिकू लागली की शेवाळाची रोपे लावावयाची, असा हा क्रम आहे. या कामात स्वयंसेवकांचाही हातभार असतो. तथापि वर्षानुवर्षांचे हे श्रम एका निष्काळजी ठिणगीने जळून जाऊ शकतात. मार्सडन मूर येथे एप्रिल २०१९ मध्ये मोठा वणवा लागला होता. म्हणून माळ आपला आहे, ही भावना लोकांत असणे अगत्याचे ठरते.

ही भावना जागविण्यात कलेचा वाटा मोठा आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार व तरुण बंदी मोडून किंडर स्काउट या माळावर चढले; पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांच्यातील एक तरुण, पुढे इवान मॅकॉल या नावाने प्रसिद्ध झालेला, याने त्याच सुमारास 'मँचेस्टर रॅम्बलर' हे गीत रचले. ते आजही गायिले जाते. पुढे १९५१ मध्ये हा प्रदेश ब्रिटनमधील पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. कवी सायमन आर्मिटेज यांनी पाऊस, हिम, धुके, दव, डबके व ओहोळ या विषयांवर कविता लिहिल्या. पिप हॉल या शिल्पकर्तीने त्या मार्सडनपासून इल्क्लीपर्यंतच्या मूरवरील दगडांवर कोरल्या. या उपक्रमात तरुण लेखकांचे गटही सहभागी झाले होते. कविता वाचण्यासाठी माळ चढणारा माणूस पायांखालची ओल आणि शेवाळही पाहतो.

कवितेने शेवाळ उगवत नाही. त्यासाठी हात चिखलात घालावेच लागतात. परंतु ते हात पुनःपुन्हा माळाकडे वळावेत म्हणून गीत लागते.

आपल्या शाळेजवळही एखादा माळ, सडा किंवा ओढा असेल. मुलांना तेथे ऋतूऋतूंत न्यावे. पाणी कोठे मुरते, माती कोठे वाहते, हे त्यांनी पाहावे. मग त्याचे चित्र काढावे, त्यावर चार ओळी रचाव्यात. गावातील वृद्धांकडून त्या जागेची जुनी गाणी व नावे टिपून घ्यावीत. नंतर ग्रामस्थांसह दगडांचा एखादा लहान बांध घालावा. ज्या माळावर मुलाने गाणे रचिले, त्या माळावर वणवा लावताना त्याचा हात निश्चितच अडखळेल.