डब्यातला डिझेल हीटर: पेटतं ते नेमकं काय?

उचगावातून बोलतोय. मागं हायवेचा आवाज येतोय, तो काय आपण बंद करू शकत नाही. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय, थोडा साफसूफ करून.

विषय एका श्रोत्यानं दिला. पोरगा आयटीआयला वेल्डिंग शिकतोय. त्याची व्हॉईस नोट आली: "दादा, रंगाचा रिकामा डबा, तांब्याची नळी आणि थोडं डिझेल, एवढ्यात खोली गरम होते असं रीलमध्ये दाखवलंय. आज्जीच्या खोलीत ठेवायचाय, थंडीनं तिचे गुडघे धरतात. करू काय?"

भावा, आज्जीच्या खोलीत नको. पण नुसतं नको म्हणून सोडलं तर तू ते मित्राच्या शेडमध्ये करणार, हे मला माहीत आहे. त्यामुळं आज नीट बघूया.

पहिली गोष्ट. डिझेल जळत नाही. रॉकेल जळत नाही, पेट्रोलसुद्धा नाही. जळते ती त्यांची वाफ, हवेत मिसळलेली. खात्री करायची असेल तर घरात मेणबत्ती लावा, दोन मिनिटांनी फुंकर मारून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. पेटती काडी वातीला न लावता त्या रेघेला लावा. ज्योत रेघेवरून खाली उडी मारते आणि वात परत पेटते. ती रेघ म्हणजे मेणाची वाफ गार होऊन झालेले बारीक कण. जळणारा माल तोच.

आता प्रत्येक इंधनाचं एक तापमान असतं, ज्याच्यावर गेलं की पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमते. पेट्रोलचं शून्याच्या खाली ४० अंशांच्या आसपास, म्हणजे पेट्रोल कायमच तयार. शुद्ध अल्कोहोलचं साधारण १३ अंश. रॉकेल आणि डिझेलचं आपल्याकडं किमान ३५ अंश असायला पाहिजे असं मानक आहे. खायच्या तेलाचं ३०० अंशांच्या घरात. म्हणून तेलाच्या वाटीला काडी दाखवली तर काही होत नाही, तिथं वात लागते. वात थेंब थेंब तेल वर ओढते आणि तेवढंच तापवते. खालचं तेल गारच राहतं. पणती हा माणसानं केलेला सगळ्यात सुरक्षित द्रव इंधनाचा हीटर आहे, आणि तो आपण वर्षातून चार दिवस अंगणात ठेवतो.

आता ३५ हा आकडा लक्षात ठेवा. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी हवाच तेवढी तापते. मग ज्वाळेच्या शेजारी ठेवलेला पत्र्याचा डबा किती तापेल? म्हणजे डब्यातलं सगळं डिझेल वाफ सोडायला लागणार. चांगला स्टोव्ह आणि रीलमधला डबा यांच्यातला फरक इथं आहे. ज्योत कुणीही करू शकतो. टाकी गार ठेवणं, आणि जेवढी वाफ लागते तेवढीच आणि जिथं लागते तिथंच तयार करणं, ही खरी कारागिरी.

वातीचा स्टोव्ह बघा. आईला, मावशीला विचारा, रेशनच्या निळ्या रॉकेलवर स्वयंपाक केलेल्या बायका घरोघरी आहेत. त्या सांगतील की एक वात जरी नळीतून गळून पडली तरी स्टोव्ह पेटवायचा नाही. का? कारण ती रिकामी नळी म्हणजे ज्योतीला खाली टाकीकडं जायचा रस्ता. त्यांनी हे शाळेत शिकलेलं नव्हतं, पण भौतिकशास्त्र अगदी बरोबर होतं.

पंपाचा स्टोव्ह त्याच्याही पुढचा. १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट या माणसानं तो काढला, त्याचंच नाव पुढं 'प्रायमस' झालं. आधी काकड्यानं बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. दाबानं रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि सुईएवढ्या भोकातून भर्रकन बाहेर पडते. वाफ फक्त त्या नळीत, टाकी खाली गार. भोकात काजळी अडकली की पिन मारायची. हेच यंत्र नीट ठेवलं नाही तर दाबातलं रॉकेल फवाऱ्यासारखं अंगावर येतं. जाता जाता एक सांगतो: 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' अशा बातम्या आपल्याकडं वर्षानुवर्षं छापून आल्या, आणि त्यातले सगळे भडके स्टोव्हचे नव्हते. १९८३ साली ४९८-अ आणि १९८६ साली ३०४-ब ही कलमं कायद्यात आली ती त्याच काळात. हा वेगळ्या भागाचा विषय आहे, तो करणार आहे.

मग घरच्या इंधनावर, कमी धोक्याचं काही कुणी केलंच नाही का? केलं की, आणि आपल्या जवळच. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ पासूनची. तिथं डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कोहोलवर चालणारा स्वयंपाकाचा स्टोव्ह तयार केला. त्यातली गंमत अशी की इंधनात निम्मं अल्कोहोल आणि निम्मं पाणी! पाणी घातल्यामुळं ते सहज भडकत नाही, आणि स्टोव्हची रचना अशी की तेवढ्यावरही नीट ज्योत मिळते. आपला सगळा ऊसपट्टा, मळीतून अल्कोहोल निघतंच. मला विचाराल तर या कल्पनेला मिळायला हवी होती तेवढी किंमत मिळाली नाही. अडचण यंत्राची कमी आणि उत्पादन शुल्काची जास्त. निम्मं पाणी घातलेलं अल्कोहोल म्हटल्यावर सरकारला दुसरंच काहीतरी आठवतं. आणि हो, घरी गाळायचा विचार करू नका, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे.

खोली गरम करणारं द्रव इंधनाचं यंत्र बघायचं असेल तर गावातल्या एखाद्या निवृत्त फौजीमामांना बुखारीबद्दल विचारा. काश्मीर, लडाखात त्यांनी हात शेकलेले असतात. रॉकेल थेंब थेंब आत पडतं, टाकी लांब, आणि धुराडं थेट बाहेर. एवढं करूनही बंद बंकरमध्ये विषारी वायूची भीती असायचीच, म्हणून डीआरडीओनं 'हिम तापक' नावाचं सुधारित यंत्र काढलं. भावा, जिथं उणे तीस अंशांत माणूस राहतो तिथंही धुराड्याशिवाय कुणी हे यंत्र वापरत नाही. आणि रीलमधल्या डब्याला धुराडं आहे का ते परत एकदा बघ.

धुराडं का, याचं गणित सांगतो. एक लिटर रॉकेल पूर्ण जळायला साधारण १० घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत, उंची दहा फूट धरली तर, २८ घनमीटर हवा असते. म्हणजे एका लिटरला खोलीतल्या एक तृतीयांशापेक्षा जास्त हवेचा ऑक्सिजन संपला. तो कमी पडायला लागला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते. आज्जी तर आधीच झोपलेली असते. शिवाय त्याच एका लिटरमधून जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत पसरतं. सकाळी भिंती ओल्या, आणि ज्या गुडघ्यांसाठी केलं ते तसेच.

काहीजण म्हणतील डिझेल नको, गॅरेजमधलं जळकं ऑईल फुकट मिळतं. ते तर आणखी वाईट. त्यात इंजिनच्या झिजलेल्या धातूचे कण असतात, रसायनं असतात, आणि बऱ्याचदा पाणी असतं. तापलेल्या ऑईलखाली पाणी उकळलं की पेटतं ऑईल बाहेर उसळतं. भजी तळताना कढईत ओला हात झटकल्यावर काय होतं, तेच, फक्त पेटलेलं.

आणि ते पणतीवर मातीची कुंडी पालथी घालायचं रील? त्यात फसवणूक वेगळी आहे. एक पणती तासाला पाचेक मिली तेल जाळते, त्यातून साधारण ५० वॅट उष्णता मिळते. कुंडीनं ती वाढत नाही, कुंडी फक्त गरम लागते. नुसता बसलेला माणूस अंगातून १०० वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. म्हणजे दोन कुंड्या मांडण्यापेक्षा आज्जीजवळ जाऊन तू स्वतः बसलास तरी हिशेब तोच, आणि तिला बरं वाटेल ते वेगळंच.

आता कामाचं. आपल्या डिसेंबरात रात्री पारा चौदा-पंधरा अंशांवर येतो. एवढ्यासाठी सगळी खोली तापवायची गरज नाही, माणूस ऊबदार राहिला पाहिजे. रबरी पिशवीत दोन लिटर गरम पाणी भर. जास्त कडक नको, वर टॉवेल गुंडाळ, आणि तिला साखर असेल तर पायांना लावण्याआधी स्वतःच्या हातावर तपास. साठ अंशांचं पाणी पस्तीसवर येईपर्यंत एका पणतीच्या तासाभराहून जास्त उष्णता देतं, आणि ती सगळी पांघरुणाच्या आत. आंघोळीची पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. परसात बंब असेल तर उत्तमच, तो उघड्यावरच असतो.

वेल्डिंगचा हात बसलाय म्हणतोस, तर त्याच बंबाचं गळकं बूड आणि धुराडं आधी दुरुस्त करून दे. आणि गांधीनगरला गेलास की एक जाड ब्लँकेट घेऊन ये, भाव मात्र तीन दुकानांत विचार.