गाण्यातील शब्दांचे मोल

एखादे गाणे वर्षानुवर्षे गुणगुणणाऱ्या माणसाला त्याच्या दुसऱ्या कडव्याचे शब्द विचारावेत, तर तो बहुधा अडखळतो. ध्रुपद तोंडपाठ असते, अंतऱ्याची चालही पक्की असते. परंतु शब्दांच्या जागी कानाला जसे वाटले तसे काहीतरी बसविलेले असते. तरीही त्या गाण्यापासून मिळणाऱ्या आनंदात काही उणीव आहे, अशी शंका त्याला कधी आलेली नसते. या नित्याच्या अनुभवातूनच एक जुना वाद उभा राहतो. सूर आणि लय यांनीच जर मन भरून येत असेल, तर गाण्यात शब्द हवेत कशाला? शब्द म्हणजे स्वर टांगण्याची केवळ एक खुंटी, असे म्हणणाऱ्यांचा एक पक्ष. आणि अर्थ न कळता गाणे ऐकणे म्हणजे पाकीट न फोडता पत्र उराशी धरणे, असे मानणाऱ्यांचा दुसरा.

पहिल्या पक्षाची बाजू मुळीच दुबळी नाही. ख्यालाची बंदिश स्थायी-अंतरा मिळून जेमतेम चार ओळींची. विलंबित ख्याल अर्धा-पाऊण तास रंगतो, तेव्हा त्या ओळींतील सासू-नणंदेच्या कागाळीकडे किंवा परदेशी गेलेल्या प्रियकराच्या वाटेकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. ब्रज भाषेतील हे शब्द मराठी, कानडी, बंगाली गायकांच्या मुखांतून पिढ्यान्पिढ्या जाताना इतके झिजले, की काही ठिकाणी मूळ शब्द कोणता हे ओळखणेही कठीण झाले. तराण्यात तर 'तोम्', 'तनन', 'दिर दिर' असे बोलच तेवढे असतात. त्या बोलांमागे फारसी सूफी अर्थ दडलेला आहे, असे मत उस्ताद अमीर खाँ यांनी मांडले होते. तथापि त्यांच्या तराण्याला दाद देणाऱ्या श्रोत्याचा आनंद त्या अर्थावर अवलंबून नव्हता. सतार आणि सरोद यांना तर शब्दांची गरजच नाही.

परंतु सूर शब्दांवाचून जगू शकतो, एवढ्यावरून गाणेही तसे जगू शकते, हे सिद्ध होत नाही. अर्थ पोहोचविण्यापूर्वीच शब्द नादाचे काम करीत असतो. आकारावर तान मोकळी सुटते, तीच 'ई' किंवा 'ऊ' या स्वरांवर आवळते. तारसप्तकात अवघड जोडाक्षर आले की गळ्याला ठेच लागते. समेवर कोणते अक्षर येते यावर मुखड्याची सारी ऐट ठरते, आणि शब्द भलत्याच जागी तुटला तर त्याबरोबर अर्थही तुटतो. कुमार गंधर्वांसारख्या स्वरसिद्ध गायकाने स्वतः बंदिशी रचल्या, आणि त्या शब्दांसह व स्वरलिपीसह १९६५ साली 'अनूपरागविलास' या ग्रंथात प्रसिद्ध केल्या. शब्द ही नुसती खुंटीच असती, तर जुन्या खुंट्या कमी नव्हत्या.

मराठी रंगभूमीने या वादाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र' (१८८२) या नाटकांत साकी, दिंडी यांसारख्या रचना विपुल आहेत. त्यांच्या चाली ठरीव, आणि कीर्तन-आख्यानांमुळे प्रेक्षकांच्या कानांवरून आधीच गेलेल्या. अशा पद्यात नवे असत ते शब्दच. कथानक पुढे जाई तेही शब्दांच्याच बळावर. पुढे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'ला (१९११) गोविंदराव टेंबे यांनी, तर 'स्वयंवर'ला (१९१६) भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, आणि रागदारी संगीताचा थाट रंगभूमीवर आला. येथे आधी चाल आणि मग शब्द असा क्रम झाला. अग्रलेखांतून भाषेला धार लावणाऱ्या खाडिलकरांची पदे मात्र ओढाताणीची आहेत, अशी टीका पुष्कळदा झाली. बालगंधर्वांच्या गळ्याने ती ओढाताण विसरावयास लावली, हे खरे. पण 'वन्स मोअर'च्या गजरात रुक्मिणी तेच पद पुन्हा गाऊ लागे, तेव्हा प्रेक्षकाला रुक्मिणीच्या मनाचे पुढे काय झाले हे जाणून घ्यावयाचे नसे. त्याला सुरांची तीच जागा पुन्हा हवी असे. त्या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तो मैफलीचा आनंद होता, आणि तेवढा वेळ नाटक थांबलेले असे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जात्यावरची ओवी आहे. तिची चाल गावागावांत थोड्याफार फरकाने तीच ती. वाद्य म्हणाल तर दगडाची घरघर. गायिकेला गळ्याची तयारी नाही आणि समोर श्रोताही नाही. असे असूनही हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत झालेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. सुरांत नवे असे फारसे काही नसताना बायका एवढे कशासाठी गात होत्या? माहेरची वाट, भावाचा अबोला, सासुरवास, लेकीची काळजी आणि पंढरीची ओढ ही त्यांना शब्दांत मांडावयाची होती. उघडपणे जे बोलण्याची मुभा नव्हती, ते चालीच्या आडोशाने बोलता येत होते. ओवीतून शब्द काढून घेतले, तर उरते ती केवळ जात्याची घरघर.

सूर आणि शब्द यांचा समतोल साधल्यावर काय घडते, याचे उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या संगीतात आठवड्यामागून आठवडा प्रसारित होत गेली. कथा सर्वांना ठाऊक होती. उत्सुकता होती ती आज कोणते पात्र कोणत्या शब्दांत बोलणार याची. पुढे या गीतांची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली, आणि ती मूळच्याच चालींवर गाता येतील अशी बेतण्यात आली. या गोष्टीचा विचार करण्याजोगा आहे. आनंद केवळ चालीत असता, तर मराठी शब्द तसेच ठेवून ती चाल ऐकणे परभाषिक रसिकाला पुरेसे झाले असते. मात्रा मोजून, यमके जुळवून आपल्या भाषेचे शब्द त्या चालीत बसविण्याचा खटाटोप कोणी केला नसता.

शब्द कळणे म्हणजे शब्दकोशातील अर्थ कळणे नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. ग्रेस यांची कविता दुर्बोध समजली जाते. परंतु हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर तीच कविता घराघरांत पोहोचली, आणि जिचा सरळ अर्थ सांगता येणार नाही अशा ओळींनी अनेकांचे डोळे पाणावले. तेथे सुराने शब्दाला हाताशी धरून उंबरठ्याच्या आत आणले. उलट अभंगाचे शब्द सोपे, पण त्यांचा अर्थ वयानुसार उलगडणारा. दहाव्या वर्षी शाळेच्या प्रार्थनेत म्हटलेली तुकोबांची ओळ चाळिसाव्या वर्षी, घरातले एखादे माणूस गेल्यावर, अवचित आठवते आणि तेव्हा प्रथमच खऱ्या अर्थाने ऐकू येते. इतकी वर्षे ती स्मरणात टिकून राहिली ती चालीमुळे; आणि आधाराला आली ती शब्दांमुळे. गाण्याच्या आस्वादात या दोहोंची कामे ही अशी वाटलेली आहेत.

म्हणूनच शब्दांकडे दुर्लक्ष करणे वाटते तितके निरुपद्रवी नाही. जी चाल चांगला विचार जपून ठेवते, तीच चाल हीन विचारही तितक्याच निष्ठेने जपते. लग्नाच्या वरातींत आणि उत्सवांच्या मिरवणुकांत कर्ण्यांवरून वाजणाऱ्या कित्येक गाण्यांत स्त्रीविषयी जे म्हटलेले असते, ते कोणी साध्या गद्यात चारचौघांत उच्चारले तर त्याला तेथून घालवून देतील. ठेक्यावर तेच शब्द खपतात आणि त्यावर लहान मुलेही नाचतात. 'शब्दांकडे कोण लक्ष देतो?' हे त्यावरचे ठरीव उत्तर. परंतु गाण्याचे शब्द लक्ष न देताही पाठ होतात, हाच तर साऱ्यांचा अनुभव आहे.

आज गाणी ऐकण्याची साधने उदंड झाली आहेत. खिशातील यंत्रावर हवे ते गाणे क्षणात मिळते. पण त्याच्या पडद्यावर गायकाचे नाव ठळक दिसते आणि कवीचे नाव पुष्कळदा शोधावे लागते. रेडिओपुढे वही घेऊन बसण्याचा काळ मागे पडला. कडवे उतरवून घेताना एखादा शब्द निसटला म्हणजे तो पुढच्या खेपेपर्यंत मनात घोळत राही, आणि त्या घोळण्यातच त्याचा अर्थ मुरत असे.

ती वही परत येणार नाही, आणि तिच्यासाठी हळहळत बसण्यातही अर्थ नाही. पण एक साधी गोष्ट अजून हाती आहे. वर्गात कविता चालीवर म्हणून घेण्यापूर्वी शिक्षकाने ती एकदा नुसती, सावकाश वाचून दाखवावी; चालीशिवाय ती उभी राहते की नाही हे मुलांना त्यांच्या कानांनी ठरवू द्यावे. घरीही आवडत्या गाण्याचे शब्द एकदा सुरांवाचून मोठ्याने वाचून पाहावेत. काही गाणी या परीक्षेत मनातून उतरतील. जी टिकतील, ती पुन्हा ऐकताना पूर्वीपेक्षा अधिक गोड लागतील, आणि दुसऱ्या कडव्याशी अडखळावेही लागणार नाही.