भुसा दिसतो, पूड दिसत नाही

आमच्या पडवीत मी लाकडी खेळणी करते. काम संपलं की झाडू मारायचा, भुसा पोत्यात भरायचा, झालं! पण शेजारीच अभ्यासाला बसणारी लेक सारखी खोकायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूळ कसली?" काळजात चर्र झालं.

रंध्याचा जाड भुसा खाली पडतो. पॉलिश पेपरने घासताना उडणारी बारीक पूड मात्र तासन्‌तास हवेत राहते, थेट छातीत जाते. झाडूने ती पुन्हा उडते. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोगही होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच सांगितलंय.

मग व्हॅक्यूम क्लीनर घेतला. फिल्टर हेपा आणि पाइप आखूड, जाड आहे ना, हे आधी पाहिलं. मध्ये घट्ट झाकणाच्या बादलीवर शंकूसारखा सायक्लोन बसवला. त्यात हवा गरगर फिरते, भुसा बादलीत पडतो, फिल्टर लवकर तुंबत नाही. पाइपचं तोंड घासायच्या जागेलाच लावते. झाडूऐवजी ओलं फडकं, तोंडाला ओढणीऐवजी एन-९५ मास्क. लेकीचा अभ्यास माजघरात हलवला. हळूहळू खोकला थांबला.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही सुतारकाम होत असेल, तर रात्री दिवा मालवून टॉर्च लावून बघा. झोतात काय तरंगतंय ते दिसेल!