विश्लेषण : एका व्याख्यानाने तरुण व्यसनापासून दूर राहतात का?

26 जून हा अमली पदार्थविरोधी दिन, 31 मे तंबाखूविरोधी दिन आणि 1 डिसेंबर एड्स दिन. या तारखा जवळ आल्या की शाळा-महाविद्यालयांत व्याख्यानांची लगबग सुरू होते. पाहुणे येतात, तासभर बोलतात, शेवटी सगळे उभे राहून शपथ घेतात. व्यसन, लैंगिकता आणि तरुणांचे बदलते जगणे यांवर जाहीरपणे बोलले जाते ही चांगलीच गोष्ट. मात्र अशा एका भाषणाचा उपयोग किती होतो आणि कशा प्रकारचे बोलणे खरोखर कामी येते?

अभ्यास काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने व्यसन प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष 2013 मध्ये प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेसह त्यांची दुसरी आवृत्ती 2018 मध्ये आली. शाळांमधील कोणत्या पद्धती निष्फळ ठरतात किंवा उलटा परिणाम करतात, याची यादी त्यात आहे. नुसते व्याख्यान, भीती घालणारी माहिती, फक्त नैतिक उपदेश आणि पूर्वी व्यसनी असलेल्या व्यक्तीचे अनुभवकथन या चारही गोष्टी त्या यादीत आहेत. आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांचा साचा नेमका हाच असतो.

कारण साधे आहे. कर्करोगाचे भयंकर छायाचित्र पाहिलेला मुलगा संध्याकाळी पानठेल्यावर जातो, तेव्हा शेजारी खर्रा खाणारा मित्र त्याला धडधाकट दिसतो. भीती ओसरते आणि मित्राचा आग्रह तेवढा उरतो. त्या आग्रहाला नाही कसे म्हणायचे, हे व्याख्यानात कोणी शिकवलेले नसते. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. म्हणजे चौघांपैकी जवळपास तिघे घेत नव्हते. ‘सगळेच खातात’ हा मुलांचा समज दूर करायला हा आकडा भीतीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

मग काय कामी येते?

त्याच निकषांनुसार आखीव सत्रांची मालिका परिणामकारक ठरते. बहुतेकदा आठवड्याला एक याप्रमाणे दहा-पंधरा सत्रे, प्रशिक्षित शिक्षक, मुलांचा सहभाग आणि नकार देण्याचा प्रत्यक्ष सराव असे तिचे स्वरूप असते. नियोजनाशिवाय मारलेल्या गप्पाही पुरेशा ठरत नाहीत. बोलणे दुतर्फा हवे आणि त्यात सातत्य हवे.

वऱ्हाडात हे नवे आहे का?

नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी घरातच दारूची झळ सोसली होती. त्यांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत न घालता बाबांनी भावकीला गोड जेवण वाढले. त्यांच्या कीर्तनाचे मर्म प्रश्नात होते. बाबा वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना विचारत, लोक उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. ऐकणारा नुसता श्रोता राहत नसे.

तिवसा तालुक्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यांच्या खंजिरी भजनांत व्यसनमुक्ती हा नेहमीचा विषय असे. पण भजन संपल्यावर काम थांबत नव्हते. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांमुळे सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई अशी रोजची शिस्त मागे राहत असे. भाषणानंतर गावात कोण उरते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी संघटनेतून दिले होते.

लैंगिकतेवर मात्र मौन का?

दारूविरुद्ध बोलणाऱ्याला समाजाने संत म्हटले, तर शरीराविषयी बोलणाऱ्याला कोर्टात खेचले. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. 1934 च्या खटल्यात त्यांचा ‘गुन्हा’ काय होता? वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरे दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही कर्वे यांना दंड झाला. पुढे 2007 मध्ये राज्यात शाळांमधील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला विरोध झाला आणि तो बंद पडला.

या मौनाची किंमत गडचिरोलीत मोजली गेली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचे दोन गावांतील सर्वेक्षण 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. यापूर्वी तपासणी किंवा उपचार झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के होत्या. डॉ. राणी बंग यांनी पुढे तरुण-तरुणींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरे सुरू केली.

बोलल्याने मुले बिघडतात का?

पालकांची ही भीती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही, पण पुरावा तिच्या विरुद्ध आहे. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेनुसार सर्वांगीण लैंगिक शिक्षणामुळे लैंगिक वर्तन वाढत नाही. उलट पहिला संबंध पुढे ढकलला जाण्यास मदत होते. मुलांच्या हातात मोबाइल आधीच आहे. तिथे मिळणारे उत्तर अनेकदा अश्लील चित्रफितीचे असते. सप्टेंबर 2024 मध्ये बाल अश्लील सामग्रीसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही लैंगिक शिक्षणाचे कार्यक्रम राबवण्याचा विचार करण्याची सूचना सरकारला केली.

आयोजकांनी काय करावे?

- एका मोठ्या सभेऐवजी लहान गटांत, ठरावीक अंतराने अनेक सत्रे घ्यावीत.
- नाव न लिहिता चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवावेत. मुलींना वेगळे बोलायचे असेल तर तशी सोय ठेवावी.
- व्यासपीठावरून कोणालाही ‘तू पितोस का’ असे विचारू नये.
- एखाद्या मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे वक्त्याला आधीच माहीत हवे.
- कार्यक्रमानंतर कुठे जायचे ते सांगावे. शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात. मानसिक आधारासाठी 14416, व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि बालकांच्या मदतीसाठी 1098 हे क्रमांक आहेत.

पुढे काय?

व्याख्यान निरुपयोगी नाही. विषयावरचे झाकण ते काढते आणि पालक-शिक्षकांना बोलण्याचे निमित्त देते. पण शपथ घेतलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी प्रश्न पडला, तर तो विचारायला गावात कोणी आहे का, यावरच कार्यक्रमाचे यश ठरते. पाहुण्यांची गाडी निघून गेल्यावर हे काम शाळेतला एखादा शिक्षक, आशाताई किंवा गावातले मंडळ यांनाच करावे लागणार आहे. पुढच्या 26 जूनच्या आधी त्यांना प्रशिक्षण मिळाले, तर शपथेला काही अर्थ राहील.