खरकटे, तणस आणि बांधी : ओल्या कचऱ्याच्या खताविषयीचे गैरसमज

गोंदिया जिल्ह्यातील एखादा लहान शेतकरी आपल्या घरचा, शेजारचा किंवा गावातल्या खानावळीचा ओला कचरा, म्हणजे भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि उष्टे-खरकटे अन्न, शेतावर नेऊन त्याचे खत करू लागला, की त्याला दोन टोकांच्या समजुतींना तोंड द्यावे लागते. काहींच्या मते कुजणे ही आपोआप होणारी गोष्ट असल्याने त्यात शिकण्यासारखे काही नाही. इतरांच्या मते हा दुर्गंधी, माश्या आणि रोगराई विकत घेण्याचा उद्योग आहे. दोन्ही मते एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने तयार होतात. ओला कचरा हा खताचा अर्धाच कच्चा माल आहे, आणि उरलेला अर्धा, म्हणजे कोरडा, तंतुमय, कर्बयुक्त भाग, धानाच्या या जिल्ह्यात मळणीनंतर तणसाच्या रूपाने दारात पडलेला असतो.

कचरा शेतात नेऊन टाकला की तो खत झाला, हा सर्वांत जुना आणि सर्वांत महाग पडणारा समज आहे. कचरा कुजवणारे सूक्ष्मजीव कर्बातून ऊर्जा मिळवतात आणि नत्रातून आपले शरीर घडवतात, त्यामुळे पदार्थातील कर्ब आणि नत्र यांचे परस्पर प्रमाण, ज्याला कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात, कुजण्याचा वेग आणि दर्जा ठरवते. हे गुणोत्तर सुरुवातीला २५ ते ३० च्या आसपास असेल तर ढीग व्यवस्थित तापतो. स्वयंपाकघरातील कचऱ्यात ते साधारण १५ ते २० असते, म्हणजे नत्र गरजेपेक्षा जास्त, आणि जास्तीचे नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते. धानाच्या तणसात ते ६० ते ८० असते, म्हणजे नत्र फारच कमी, आणि म्हणून नुसते तणस महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. तणस न कुजवताच जमिनीत गाडले तर सूक्ष्मजीव आपली नत्राची गरज मातीतून भागवतात आणि पीक काही आठवडे पिवळे पडते. शेतकरी त्याचा दोष बियाण्याला देतो. दोन्ही पदार्थ एकत्र केले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वजनाने पाच भाग ओल्या कचऱ्याला एक भाग कोरडे, तुकडे केलेले तणस हे प्रमाण सुरुवातीला पुरते, मात्र तणस हलके असल्याने आकारमानाने ते कचऱ्याच्या बरोबरीचे किंवा थोडे अधिकच दिसते, आणि ते पाहून अनेक जण निम्म्यावर हात आखडता घेतात.

धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी साठवलेल्या खाचरात, कच्चा कचरा टाकणे त्याहून घातक ठरते. उभ्या पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तेथे ताजे सेंद्रिय पदार्थ कुजताना सेंद्रिय आम्ले तयार होतात, जी रोवणीनंतर नुकत्याच रुजू पाहणाऱ्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, मुळांना बाधतात, आणि त्याच प्रक्रियेतून मिथेन हा वातावरण तापवणारा वायू बाहेर पडतो. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, रोवणीच्या तोंडावर गाडलेल्या ताज्या तणसाच्या तुलनेत पूर्ण कुजलेल्या कंपोस्टचा मिथेनवाढीतील वाटा अगदी किरकोळ धरलेला आहे. एकच पदार्थ बांधीबाहेर कुजवून आणला तर खत ठरतो आणि बांधीत कुजू दिला तर उपद्रव, हे भातशेतीच्या जिल्ह्याने इतरांपेक्षा अधिक लक्षात घ्यावे असे आहे.

खतखड्ड्याला वास येणारच, असेही गृहीत धरले जाते. वास्तविक वास हे हवा कोंडल्याचे लक्षण आहे. हवा खेळती असताना कुजणाऱ्या ढिगातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते. हवा संपली की ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्याचा, आंबूस किंवा उग्र वास सुटतो. जिल्ह्यात पाऊस वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, त्यामुळे जमिनीत खणलेला उघडा खड्डा या काळात डबके बनतो आणि त्यात कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. खड्डा हीच खताची खरी पारंपरिक जागा आहे, हा आग्रह कोरड्या प्रदेशात चालू शकतो, कारण तेथे ओल टिकवणे ही अडचण असते. पूर्व विदर्भात पावसाळ्यापुरते तरी जमिनीवरचे, छप्पर असलेले टाके हवे.

असे टाके विदर्भातच घडलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. साधारण १० ते १२ फूट लांब, ५ ते ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधताना भिंतींत ठरावीक अंतरावर छिद्रे सोडतात, म्हणजे हवा आडवी खेळते आणि ढीग वारंवार उलथावा लागत नाही. त्यात सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि १७५० किलोंच्या आसपास चाळलेली कोरडी माती थरांनी भरून वरून शेणमातीने लिंपतात, आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते. शेण इतके थोडे लागते, हेच या पद्धतीचे मर्म आहे, कारण ज्याच्याकडे एखादीच गाय आहे त्यालाही ती जमते. ओला कचरा वापरायचा असेल तर तो काडीकचऱ्याच्या थरांत विभागून घालावा लागतो. एकाच जागी ओतला तर छिद्रांचा उपयोग होत नाही.

कंपोस्ट ही शहरी किंवा परदेशी हौस असल्याचे मानणाऱ्यांना इंदूरची आठवण करून द्यावी लागते. तेथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थ, शेण, मूत्र आणि माती यांचे थर रचून कुजवण्याची रीत शास्त्रीय शिस्तीने मांडली, आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय शेतीने पुढे जी ‘इंदूर पद्धत’ उचलली, तिच्यामागे मध्य भारतातील शेतकऱ्याचा उकिरडा होता.

शिजवलेल्या अन्नाबाबत मतभेद अधिक आहेत. काही जण ते पूर्ण वर्ज्य मानतात, काही जण बिनदिक्कत ओततात. अन्न शिजवल्याने ते कुजण्यास अपात्र होत नाही. उलट ते लवकर कुजते, आणि अडचण त्यातूनच येते. गोंदियाच्या घरांत उरते ते मुख्यतः भात, आणि शिजलेला भात चिकट असल्याने त्याचा गोळा होऊन आतली हवा बंद होते, तेलकट रश्शाने तणसाच्या काड्यांवर थर बसतो, मीठ साठत जाते. म्हणून भात पातळ पसरून, लगेच तणसाने किंवा वाळल्या पाल्याने झाकून, थोड्याथोड्या प्रमाणात घालावा, आणि वरण-भाजीचे पाणी आधी निथळून घ्यावे. लग्नसमारंभातील उरलेला भात मात्र ढिगाऐवजी गोठ्यात नेण्याकडे कल असतो आणि तेथे धोका खताच्या ढिगापेक्षा कितीतरी मोठा आहे. गाई-बैलांनी एकदम भरपूर भात खाल्ला की पोटातील पहिल्या कप्प्यात आम्लाचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि जनावर दगावू शकते. अन्न वाया जाऊ नये ही भावना योग्य असली, तरी पातेलेभर भात जनावरापुढे ठेवणे हा तिचा योग्य मार्ग नव्हे.

मासळीचे आणि मांसाचे अवशेष कुजत नाहीत म्हणून टाळावेत, असे सांगितले जाते. ते चूक आहे. ते उत्तम कुजतात आणि नत्र-स्फुरदही देतात. टाळण्याचे कारण वेगळे आहे : त्यांच्या वासावर कुत्री, उंदीर आणि रानडुकरे येतात, आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत हा प्रश्न केवळ सांडलवंडीचा राहत नाही. तलावांच्या या जिल्ह्यात मासळी रोजच्या जेवणातली असल्याने, बंदिस्त टाके आणि निदान वीतभर जाडीचा झाकणथर नसेल तर ती वेगळी पुरावी.

लहानसहान समजुती थोडक्यात पाहता येतात. लिंबू-संत्र्याच्या साली आणि कांद्याची टरफले मिश्र ढिगात चालतात. फक्त गांडूळखताच्या वाफ्यात ती एकदम फार घालू नयेत. विकतचे जिवाणू कल्चर उपयोगी असले तरी अपरिहार्य नाही, कारण शेणकाला किंवा जुने कंपोस्ट तेच काम करते. शेतातली गांडुळे पकडून वाफ्यात सोडण्याचा उपयोग होत नाही. खतासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात मातीत खोल न जाता कुजत्या थरात राहणारी आहे, आणि पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या मे महिन्यात सावली व ओल नसेल तर तीही मरते. भातगिरणीतील तूस आणि कोंडा यांत गफलत नेहमीची आहे : कोंडा पौष्टिक असून झपाट्याने कुजतो, तर तुसात सिलिका आणि लिग्निन हा कठीण काष्ठद्रव्याचा भाग भरपूर असल्याने ते लवकर कुजत नाही, पण ढीग मोकळा ठेवण्यास आणि बादलीच्या तळाशी पाणी शोषण्यास ते फार चांगले. त्याच गिरणीची राख मात्र हात राखून वापरावी, कारण ती ढीग अल्कधर्मी करते आणि नत्र अमोनिया होऊन निघून जाते.

कचरा स्वतःच्या घरापुरता न ठेवता गोळा करायचा ठरवला, की सर्वांत जड जाणारा भाग सुरू होतो. मिसळलेला कचरा शेतावर आणून निवडता येईल, हा समज टिकत नाही. काचेचे तुकडे, बॅटरीतील जड धातू आणि प्लास्टिकचे कपटे एकदा मिसळले की चाळणीने पूर्ण निघत नाहीत आणि वर्षानुवर्षे शेतात राहतात. विक्रीच्या शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशाने शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा घातल्या आहेत, त्या यासाठीच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी घरातच करणे बंधनकारक केले, आणि लहान शेतकऱ्याने तेवढाच आग्रह धरून, न निवडलेली बादली परत पाठवण्याचा संकोच सोडावा. पळसाच्या पानांच्या पत्रावळी ढिगात विरघळतात, पण प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या कागदी ताटल्या दिसायला सारख्या असूनही विरघळत नाहीत. उन्हाळ्यात माशीची अंड्यापासून माशीपर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते, त्यामुळे आठवड्यातून एकदा कचरा उचलणे पुरेसे नसते. दोन दिवसांआड उचल आणि झाकणाची बादली हवी.

या खताने रासायनिक खताची गरज संपते, हा उत्साही समज आकड्यांपुढे ठेवून पाहावा. एका घरातून रोज एक किलो ओला कचरा धरला तर वर्षाला ३६५ किलो होतात, ज्यात तीन चतुर्थांश पाणीच असते. उरलेल्या सुमारे ९० किलो कोरड्या भागात दोन टक्के नत्र धरले तर ते दोन किलोंनाही पोहोचत नाही आणि कुजताना त्यातलेही काही जाते, म्हणजे हाती एक ते दीड किलो. सुधारित धानाला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते, त्यामुळे एका एकराला निदान तीस-चाळीस घरांचा कचरा लागेल, आणि कंपोस्टमधील नत्र पहिल्याच हंगामात पूर्ण मिळत नाही ते वेगळेच. हेच खत घरामागच्या सांदवाडीत, वांगी-टोमॅटो-वालाच्या वाफ्यांना दिले तर हिशेब बदलतो : तणसासह वर्षाला सव्वाशे ते दीडशे किलो ओलसर कंपोस्ट मिळते आणि चौरस मीटरला दोन किलो दिल्यास साठ-सत्तर चौरस मीटर भाजीपाला त्यावर निघतो. ओल्या कचऱ्याचे खत बांधीत विरून जाते, सांदवाडीत दिसते. पऱ्ह्यांच्या गादीवाफ्यालाही ते पुरते.

टाक्याच्या तळातून झिरपणारे तपकिरी पाणी द्रवरूप खत म्हणून सरळ रोपांना घालण्याची चालही सुरू झाली आहे. ते व्हर्मीवॉश नव्हे. गांडुळांच्या वाफ्यातून स्वच्छ पाणी झिरपवून मिळवलेला अर्क आणि अर्धवट कुजलेल्या खरकट्याचा स्राव यांत मोठे अंतर आहे, आणि हा स्राव आम्लधर्मी व रोगजंतूंनी युक्त असू शकतो. तो पुन्हा ढिगावरच शिंपडावा, आणि टाके विहिरीपासून दूर व उतारावर खालच्या अंगाला असावे, कारण पावसाळ्यात नायट्रेट मातीतून सहज वाहते. खत तयार झाले की नाही हे रंगावरून ठरवण्याची सवयही फसवी आहे, कारण सडलेला कचराही काळाच दिसतो. ढीग थंड झालेला असावा, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास यावा आणि तणसाची काडी बोटांत सहज तुटावी. तरीही शंका असेल तर मूठभर कंपोस्ट निम्म्या मातीत मिसळून त्यात मुळ्याच्या दहा बिया पेराव्यात आणि शेजारी नुसत्या मातीत दहा. दोन्हीकडे उगवण सारखी झाली तर खत वापरण्याजोगे आहे. कंपोस्टकडची रोपे खुरटली किंवा उगवलीच नाहीत, तर टाके आणखी महिनाभर झाकून ठेवावे.